बोट ओलं करून

रेइनो कांगास म्हणाला,
इम्पीचं आहे, बेचाळीस पौंडांचं,
ती गेल्यापासून खुंटीला आहे. घेऊन जा.
दोरी उतरवलेली होती.
दोरी उतरवली की हे धनुष्य उलट वाकतं,
रुसून पाठ फिरवल्यासारखं.
मुठीजवळ लाकूड झिजलेलं, तिच्या अंगठ्याएवढं.
माझा अंगठा मोठा.
त्या खळग्यात तो अख्खा उन्हाळा बसला नाही.

अख्खा उन्हाळा म्हणजे
जुन्या कपड्यांनी ठासलेलं एक पोतं,
पंधरा पावलं,
आणि डाव्या हाताला आतून दोरीचा फटका,
आधी लाल, मग जांभळा, मग कावीळ झाल्यासारखा.
दुकानात गिऱ्हाइकं हात बघायची
आणि माझ्या नवऱ्याबद्दल विचार करायची.
मी मांसाच्या काउंटरवर असते. अकरा वर्षं झाली.
पौंडभर खिमा काट्याशिवाय देते.

नेम धरू नकोस, रेइनो सांगायचा, नुसतं बघ.
तू बघतेस तिथे तो जातो.
आणि चुकून दुसरीकडे बघितलं तर?
तर तिकडे जातो.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. सुपीरियरवरून वारा.
तमारॅकच्या पिवळ्या सुया दलदलीच्या पाण्यावर पडत होत्या
आणि मी सीडारला पाठ टेकून
साडेतीन तास लघवी दाबून उभी.
एक खार बुटावर चढली,
विचार बदलून उतरली.

ती आली त्याचा आवाज झाला नाही.
आधी नव्हती, मग होती.
मादी. अंगावर थंडीची करडी लव,
डाव्या कानाला खाच.
मी खाचेकडे बघितलं.
मग मुद्दाम, फार कष्टाने,
पुढच्या पायामागे उभ्या राहिलेल्या एका केसाकडे.

बोटं कधी उघडली ते आठवत नाही.
आवाज आठवतो, ओल्या गादीवर थाप मारावी तसा.
ती उधळली. फांद्या हलल्या, हलायच्या थांबल्या.
खार मात्र ओरडत राहिली.

अर्धा तास थांबायचं असतं.
घड्याळ बघितलं, चार मिनिटं झाली होती.
पुन्हा बघितलं.
सहा.

मग गुडघ्यांवर.
मेपलची पानं सगळीकडे आणि सगळी लाल,
काहींवर लाल ठिपकेसुद्धा, त्यांचे स्वतःचे.
बोट ओलं कर आणि घास, त्याने सांगून ठेवलं होतं,
पानाचा लाल बोटाला लागत नाही.
मी घासत गेले.
पान. पान. पान.
पान.
रक्त.
पान.
दोनशे पावलांना दीड तास लागला,
तोंडात लोखंडाची चव,
कारण ओलं करायला थुंकीशिवाय काही नव्हतं.

ओढ्याच्या अलीकडे ती कुशीवर पडली होती.
उघड्या डोळ्यात तमारॅकची एक सुई,
आणि पापणी मिटत नव्हती.
मी सुई काढली. का, ते विचारू नका.
माफी मागणार होते,
तोंडातून निघालं, बरं, बरं,
तान्ह्याला थोपटताना निघतं तसं.

मग सुरी. मग कोपरापर्यंत आत.
अकरा वर्षं रोज मांस,
बर्फातलं, ट्रेमधलं, प्लास्टिकखालचं.
गरम कधी हातात घेतलं नव्हतं.
सकाळपासून गारठून आखडलेली बोटं
तिच्या आत हळूहळू सुटी झाली
आणि मला बरं वाटलं.
बरं वाटल्याची लाज वाटली.
तरी मी हात लगेच काढला नाही.

रेइनो टॉर्च घेऊन आला, आधी धनुष्याकडे गेला.
मुठीवर माझा अंगठा उमटला होता, वाळत आलेला.
बाहीने पुसला. लाकूड खराब होतं, म्हणाला.
पाय अडकवून वाकवलं, दोरी उतरवली,
आणि बराच वेळ टॉर्च नुसता जमिनीवर धरून उभा राहिला,
जिथे काहीच नव्हतं.

काळीज तुझं, तो म्हणाला.
इम्पी लोण्यात परतायची. कांदा घालायची नाही.